नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, तरी १३० हून जास्त ग्रंथ रचले: माधानचे गुलाबराव महाराज आणि आपल्या कानाची गोष्ट

अमरावती जिल्ह्यात अचलपूरच्या शेजारी चांदूर बाजार तालुका आहे. संत्री आणि कपाशीचा हा पट्टा. याच तालुक्यातल्या माधान गावच्या एका कुणबी घरातला मुलगा जेमतेम ३४ वर्षं जगला. नऊ महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली. तरी त्याच्या नावावर आज १३० हून जास्त लहानमोठे ग्रंथ आहेत, हजारो पानं आणि हजारो ओव्या-पदं आहेत. विषयही वेदान्त, भक्ती, आयुर्वेदापासून थेट डार्विनच्या उत्क्रांतिवादापर्यंतचे.

हे संत गुलाबराव महाराज. वऱ्हाडात त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ज्याची बुद्धी हेच डोळे, तो प्रज्ञाचक्षू.

त्यांच्या बुद्धीबद्दल आणि भक्तीबद्दल बरंच बोललं जातं. पण त्या बुद्धीपर्यंत एवढं सगळं पोहोचलं कोणत्या वाटेने, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ती वाट म्हणजे त्यांचे दोन कान. म्हणून त्यांचं आयुष्य समजून घेताना कान नेमकं काय करतो, हेही समजून घ्यावं लागतं.

लोणी टाकळी, १८८१

गुलाबरावांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी इथे, आजोळी झाला. वडिलांचं नाव गोंदुजी मोहोड, आईचं नाव अलोकाबाई. मूळ घर माधानचं.

तेव्हा अचलपूरला एलिचपूर म्हणत. कधीकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी असलेलं हे शहर इंग्रजी अमलात जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये हा जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला.

बाळ नऊ महिन्यांचं असताना त्याचे डोळे दुखायला लागले. त्यावर चुकीचं औषध घातलं गेलं आणि दृष्टी गेली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. बाळाला डोळ्यांसमोरचं जग आठवणीत राहण्याइतकंही पाहता आलं नाही. पुढे चार वर्षांचे असताना आई गेली. त्यानंतरची काही वर्षं गुलाबराव आजोळी, आजीजवळ वाढले.

नऊ महिने हे वय इथे महत्त्वाचं आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याची दृष्टी अगदी कच्ची असते. कान मात्र आईच्या पोटातच कामाला लागलेले असतात. गर्भ साधारण सहा महिन्यांचा झाला की त्याला आवाज ऐकू यायला लागतात, त्यात आईचा आवाज सगळ्यात ठळक. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात मेंदू घरातल्या भाषेचे आवाज वेचून घेतो.

याचा एक प्रसिद्ध प्रयोग कॅनडात झाला. १९८४ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यात आपल्याकडचेच त आणि ट हे आवाज वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या त आणि ट मधला फरक ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत त्यांची ही क्षमता बरीच ओसरली, कारण घरात तसा फरक कानावर पडत नव्हता. ज्या बाळांच्या घरी हिंदी होती, त्यांचं हे कौशल्य टिकलं.

म्हणजे गुलाबरावांचे डोळे गेले तेव्हा त्यांचे कान मराठी शिकण्याच्या ऐन मोसमात होते, आणि ते शाबूत होते. पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर उभं राहिलं.

आवाज आत जातो तेव्हा काय होतं?

कोणी बोललं की हवेत कंप निर्माण होतात. बाहेर दिसणारी कानाची पाळी ते कंप गोळा करते. पाळीवरच्या वळ्या-घड्या उगाच नाहीत. आवाज वरून आला की खालून, पुढून की मागून, हे ओळखायला त्या मदत करतात.

तिथून साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. हा पडदा एक सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो. पखवाजाच्या पुडीसारखा तो थरथरतो.

पडद्याच्या मागे हवेने भरलेली एक छोटी खोली आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथे तीन इवलीशी हाडं एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावं पडली. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवतात ती कडी. हे हाड साधारण तीन मिलिमीटरचं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड.

या हाडांची गरज का पडते? कारण पुढचा भाग द्रवाने भरलेला आहे. नदीत बुडी मारली की काठावरचं बोलणं ऐकू येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की हजारातला एखादा भागच आत शिरतो, बाकी परत फिरतो. ही अडचण तीन हाडं सोडवतात. मोठ्या पडद्यावरचा जोर ती आतल्या चिमुकल्या खिडकीवर एकवटतात आणि दाब साधारण वीसपट वाढवतात. बारीक टाचेची चप्पल मातीत रुतते, सपाट चप्पल रुतत नाही, तसाच हा हिशोब.

खिडकीच्या आत शंखासारखी वळलेली नळी आहे. तिला कॉक्लिया म्हणतात. ती सुमारे पावणेतीन वेढ्यांची असते आणि सरळ केली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिच्या लांबीभर एक पातळ पट्टी पसरलेली आहे. बारीक, उंच आवाज आला की पट्टीचं सुरुवातीचं टोक हलतं. खर्जाचा आवाज आला की आतलं, शंखाच्या शेंड्याकडचं टोक हलतं. मधले सूर मधल्या जागांवर. थोडक्यात, पेटीच्या पट्ट्या जशा ओळीने मांडलेल्या असतात, तसे सूर कानात जागेनुसार मांडलेले असतात. हे कसं घडतं ते गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

त्या पट्टीवर केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. एका कानात त्या जेमतेम १५ हजारांच्या आसपास. त्यातल्या साधारण साडेतीन हजार पेशी मेंदूकडे संदेश पाठवण्याचं मुख्य काम करतात आणि उरलेल्या बारीक आवाज वाढवून देतात. तंतू वाकले की पेशीत विजेचा संदेश तयार होतो आणि श्रवणचेतेतून मेंदूकडे जातो.

माधानच्या मुलाच्या कानातही हीच यंत्रणा होती. तुमच्या-आमच्या कानापेक्षा वेगळं त्यात काही नव्हतं.

अंधारात तोल कसा सांभाळला जातो?

दिसत नसलेल्या मुलापुढचा पहिला प्रश्न पोथीचा नसतो, तो चालण्याचा असतो. इथेही कानच कामाला येतो, पण त्याचा वेगळा भाग.

कॉक्लियाला लागूनच तीन अर्धगोल नळ्या आहेत. त्या एकमेकींना काटकोनात बसवलेल्या असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी मिळते, तशी त्यांची रचना. नळ्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव किंचित मागे राहतो, आतले तंतू वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं कोणत्या दिशेला फिरलं.

फुगडी घालून एकदम थांबलं की जग फिरत राहतं ना? त्याचं कारण हेच. शरीर थांबलेलं असतं, द्रव अजून फिरत असतो.

नळ्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांच्यात चुन्याच्या क्षाराचे बारीक खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कललं की ते खडे घसरतात आणि वर-खाली, पुढे-मागे याचं भान येतं. हे खडे जागेवरून सुटून नळीत शिरले की कुशीवर वळताना गरगरतं. अनेकांना येणाऱ्या चक्करेचं हे एक सर्रास कारण आहे.

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, कानातली ही यंत्रणा, आणि पायांचे स्नायू-सांधे. एका पायावर उभं राहून डोळे मिटून पाहा, म्हणजे डोळ्यांचा वाटा केवढा ते कळेल. शेजारी भिंतीचा आधार मात्र ठेवा. गुलाबरावांना या तीनपैकी एक साधन कधी मिळालंच नाही. लहानपणी दृष्टी गेलेली मुलं बऱ्याचदा उशिरा चालायला लागतात, पण उरलेल्या दोन साधनांवर ती तोल सांभाळायला शिकतात.

दिशा ओळखायला पुन्हा ऐकणं मदतीला येतं. उजवीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तर तो उजव्या कानाला आधी आणि डाव्याला नंतर पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मेंदू तर सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही पकडू शकतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला आवाज थोडा दबका येतो. या दोन खुणांवरून बंडी कुठून येते आहे हे न पाहता कळतं.

अनेक अंध व्यक्तींना भिंत किंवा झाड जवळ आल्याचं जाणवतं. चेहऱ्याच्या कातडीला ते जाणवतं, असा जुना समज होता. १९४० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी दाखवलं की हे काम कानाचं आहे. पावलांचा आवाज अडथळ्यावरून परत येतो, त्या प्रतिध्वनीवरून अंदाज बांधला जातो. कान बंद केले की हा अंदाज चुकतो.

पोथी कानात कशी शिरली?

गुलाबरावांची तल्लख स्मरणशक्ती लहानपणीच लोकांच्या लक्षात आली होती. पण तल्लख मुलाला पुढे शिकायचं तर पुस्तक हवं, आणि पुस्तक त्यांना बंद होतं. लुई ब्रेलने बोटांनी वाचायची लिपी १८२० च्या दशकात तयार केली होती. मात्र भारतीय भाषांसाठी एकसमान भारती ब्रेल आली १९५१ मध्ये, गुलाबराव गेल्यानंतर ३६ वर्षांनी.

त्यामुळे एकच मार्ग होता: कोणीतरी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं.

हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड. छापील पान मागे उलटता येतं, ऐकलेलं वाक्य हवेत विरून जातं. कान ते साठवत नाही. नुकतंच ऐकलेलं मेंदू फक्त काही सेकंद धरून ठेवतो. तेवढ्या वेळात ते मनात पुन्हा घोळवलं, आधीच्या माहितीशी जोडलं, तरच ते टिकतं.

आपल्या परंपरेने यासाठी साधनं तयार ठेवली होती. ओवीची लय आणि यमक पुढचा शब्द आठवून देतात. वेदपाठी लोक पदं सुटी, जोडून, उलटसुलट क्रमाने म्हणतात, म्हणजे एखादं अक्षर निसटलं तर लगेच पकडलं जातं. कीर्तन, भजन, हरिपाठ यांतून गावातल्या निरक्षर माणसालाही शेकडो ओळी पाठ असायच्या.

या भागाला तर त्याचा मोठा वारसा आहे. चांदूर बाजारहून फार दूर नसलेल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लोकांकडून चक्रधरस्वामींच्या आठवणी ऐकून लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे धामधुमीत ग्रंथ हरवला तेव्हा तो पुन्हा उभा राहिला तोही पाठांतरातून. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ आधी कानांनी टिकवला आहे.

गुलाबरावांना मात्र आणखी एक अडथळा ओलांडायचा होता. कुणब्याच्या घरातल्या मुलाला वेदान्त आणि संस्कृत शास्त्रं सहज शिकायला मिळतील, असे ते दिवस नव्हते. घरातली बोली वऱ्हाडी. वऱ्हाडीत ळ चा अनेकदा य होतो, डोळ्याचा डोया होतो. पोथीतली मराठी वेगळी, संस्कृत त्याहून वेगळी. लिहिलेलं अक्षर न पाहता हे सगळे भेद फक्त आवाजावरून वेगळे ठेवायचे होते. ते त्यांनी साधलं. त्यांच्या रचना मराठीबरोबर संस्कृतात आणि हिंदीतही आहेत.

आळंदीच्या माउलीची लेक

१८९६ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयात, त्यांचं मनकर्णिका यांच्याशी लग्न झालं. पण आयुष्याला वळण मिळालं ते १९०१ मध्ये. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. संत ज्ञानेश्वरांनी दर्शन देऊन आपल्याला मंत्र दिला, अशी त्यांची आणि त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा आहे. सहाशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांना त्यांनी आईबाप मानलं आणि स्वतःला त्यांची कन्या म्हणवून घेतलं.

पुढे श्रीकृष्ण हाच आपला पती, या भावाने त्यांनी भक्ती केली. स्त्रियांची सौभाग्यचिन्हंही ते अंगावर धारण करत. एका विवाहित पुरुषाने हे उघडपणे करणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वऱ्हाडात काय असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी मात्र या भावामागे तत्त्वज्ञान उभं केलं. जीव आणि ब्रह्म एकच आहेत हे शंकराचार्यांचं अद्वैत, आणि देवाशी प्रेमाचं नातं ठेवणारी मधुरा भक्ती, या दोहोंत विरोध नाही, अशी त्यांची मांडणी. तिला मधुराद्वैत म्हणतात.

ज्ञानेश्वर आणि ते कधीच प्रत्यक्ष भेटणं शक्य नव्हतं. ज्ञानेश्वरी त्यांनी कधी पाहिली नाही. तरी या ग्रंथाशी त्यांचं नातं इतकं जवळचं होतं, कारण ज्ञानेश्वरी मुळातच श्रोत्यांपुढे निरूपण म्हणून सांगितलेली आहे. ती ऐकण्यासाठीच रचली गेली.

डार्विन, स्पेन्सर आणि नावंग भाषा

गुलाबराव महाराज फक्त धर्मग्रंथ ऐकत बसले नाहीत. युरोपात चाललेल्या विचारांचीही त्यांनी माहिती करून घेतली. डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि हर्बर्ट स्पेन्सरचं तत्त्वज्ञान यांवर त्यांनी लिहिलं, आपल्या दर्शनांच्या अंगाने त्यांची चिकित्सा केली. त्यांची सगळीच मतं आजच्या विज्ञानाला मान्य होतील असं नाही. पण इंग्रजी शाळेची पायरी न चढलेल्या वऱ्हाडातल्या अंध तरुणाने हा वाद आपला मानला आणि त्यात उडी घेतली, ही गोष्ट मोठी आहे.

त्यांच्या ग्रंथांत संप्रदायसुरतरू आहे, प्रश्नोत्तरांच्या वळणाचा साधुबोध आहे, पदं-अभंग आहेत, स्त्रियांनी म्हणायची गाणी आहेत. नावंग नावाची स्वतःची एक सांकेतिक भाषाही त्यांनी तयार केली.

हे सगळं कागदावर आलं ते सांगून. महाराज बोलत आणि शिष्य लिहून घेत. लिहिणारा माणूस खोडतो, वर पाहतो, आधीचं पान पडताळतो. सांगणाऱ्याला अख्खी मांडणी डोक्यात धरून पुढचं वाक्य बोलावं लागतं. त्यात छंद सांभाळायचा, शास्त्राचे संदर्भ सांभाळायचे आणि लिहिणाऱ्याचा वेगही सांभाळायचा.

म्हणून या ग्रंथांमागे आणखी काही माणसं उभी दिसतात. ज्यांनी तासन्‌तास वाचून दाखवलं आणि ज्यांनी लिहून घेतलं, त्यांच्याशिवाय यातलं काहीच उरलं नसतं. बाबाजी महाराज पंडित यांच्यासारख्या शिष्यांनी पुढे हे साहित्य आणि हा विचार सांभाळला.

अंध माणसाचे कान जास्त तीक्ष्ण असतात का?

एक गेलं की देव दुसरं देतो, असं आपण सहज म्हणतो. अंध व्यक्तीला जास्त ऐकू येतं, हा समज जगभर आहे.

तपासणी केली तर अंध आणि डोळस लोकांच्या कानांची क्षमता साधारण सारखीच निघते. सगळ्यात हळू आवाज कोणता ऐकू येतो, यात मोठा फरक नसतो. कॉक्लियात जास्तीच्या केशपेशी उगवत नाहीत.

फरक पडतो तो मेंदूत. आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचं काम पाहणारा मेंदूचा मोठा भाग आहे. लहानपणीच दृष्टी गेली तर तो भाग रिकामा पडून राहत नाही. १९९० च्या दशकापासून मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रांनी दाखवलं आहे की तो भाग स्पर्श, आवाज आणि भाषेच्या कामात ओढला जातो. मन लावून ऐकताना, शब्द आठवताना, अंध व्यक्तीचा हा भाग जागा झालेला दिसतो. काही अभ्यासांत जन्मापासून अंध असलेल्या लोकांना शब्दांची यादी त्याच क्रमाने लक्षात ठेवणं डोळस लोकांपेक्षा चांगलं जमलेलं आढळलं. सवय असलेल्या अनेक अंध व्यक्ती आज मोबाइलवरचा मजकूर इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला तो शब्द आहे हेही कळत नाही.

गुलाबराव महाराजांच्या मेंदूचं चित्रण कोणी केलं नाही, तसं तंत्रच तेव्हा नव्हतं. पण इतक्या लहान वयात दृष्टी गेली आणि त्यानंतर आयुष्यभर ऐकणं, घोळवणं, आठवणं हाच दिनक्रम राहिला, हे दोन्ही धागे आजच्या ज्ञानाशी जुळतात. अर्थात लहानपणी दृष्टी गेलेला प्रत्येक जण शंभर ग्रंथ रचत नाही. मेंदू जागा मोकळी करून देतो, ती भरायची कशाने हे कष्ट, आवड आणि सोबतीची माणसं ठरवतात. त्यांच्या प्रतिभेला केवळ चमत्कार म्हटलं की हे कष्ट आणि ही माणसं नजरेआड होतात.

१९१५

२० सप्टेंबर १९१५ रोजी गुलाबराव महाराजांनी देह ठेवला. वय अवघं ३४.

योगायोग असा, की त्याच वर्षी ऑस्ट्रियाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं. कानात कोमट आणि थंड पाणी सोडून तोलाची यंत्रणा कशी तपासायची, हे त्यांनी शोधलं होतं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. चक्कर येणाऱ्या रुग्णांची तपासणी करताना डॉक्टर आजही ही पद्धत वापरतात.

महाराजांचं साहित्य पुढे सूक्तिरत्नावली या ग्रंथमालेतून प्रकाशित झालं. चांदूर बाजारचं भक्तिधाम आणि माधान इथे त्यांच्या स्मृती जपल्या जातात. वऱ्हाडातले भाविक आजही तिथे जातात.

डोळ्यांऐवजी कान गेले असते तर?

हा प्रश्न कठोर वाटेल, पण त्यातून कानाची किंमत कळते. त्या नऊ महिन्यांच्या बाळाची दृष्टी शाबूत राहून ऐकू येणं थांबलं असतं, तर १८८० च्या दशकातल्या माधानात त्याला भाषा मिळणंच अवघड होतं. हातांच्या खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, पण ती शिकायला तसे बोलणारे लोक भोवती लागतात. कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत तेव्हा कुठे सुरू होत होती. वऱ्हाडातल्या खेड्यापासून ती फार दूर होती. न ओवी कानावर पडली असती, न वाद, न डार्विन.

आज तसं होण्याचं कारण नाही. बाळ एक महिन्याचं होईपर्यंत त्याच्या कानांची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा नियम जगभरातले तज्ज्ञ सांगतात. तपासणी काही मिनिटांची असते, बाळ झोपेत असतानाही होते. गरज पडली तर श्रवणयंत्र आहे, कॉक्लियाचं काम करणारं उपकरण बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, त्यासाठी सरकारी मदतही मिळते. टाळी वाजवली की बाळ वळतं, एवढ्यावर समाधान मानू नये. टाळीच्या हवेच्या झोतानेही बाळ वळतं.

औषधाचं तर महाराजांचं आयुष्यच सांगतं. लेकराच्या डोळ्यांत कोणी सांगितलेलं औषध घालू नये, तसंच कान दुखला म्हणून गरम तेल, लसणाचा रस किंवा कसलाही काढा कानात ओतू नये. पडद्याला छिद्र असेल तर ते थेट मध्यकर्णात जातं. काडी, पिन, चावी घालून मळ काढायला जाऊ नये. मळ हे कानाचं संरक्षण आहे आणि तो बहुधा आपोआप बाहेर सरकतो. कान वाहत असेल, ऐकू कमी येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच जावं.

मोठ्यांसाठी धोका वेगळा आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानली जाते. पुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. मिरवणुकीतल्या डीजेसमोर किंवा हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवून ही मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर समजावं की केशपेशींना मार बसला आहे. माणसाच्या कॉक्लियातली केशपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या, तेवढ्यावरच आयुष्य काढायचं असतं.

माधानच्या गुलाबरावांनाही तेवढ्याच मिळाल्या होत्या, आणि त्या त्यांना आयुष्यभर पुरल्या.